गाडी चारची आहे

गुआन सर आणि यान बाईंनी अकरा वर्षं संसार केला, पण तो सगळा इंग्रजीच्या श्रवणचाचणीत. चीनमधल्या डोंगरातल्या एका तालुक्याच्या शाळेत दर महिन्याला ही चाचणी असायची. तिच्यातले संवाद ध्वनिमुद्रित करायचे, तर पुरुषाचा आवाज सरांचा आणि बाईचा यान बाईंचा. खिडकीला गोधडी टांगून दोघं माईकसमोर बसायचे. कधी त्या गिऱ्हाईक, हे दुकानदार. कधी नवराबायको होऊन सुट्टीत कुठे जायचं यावरून भांडायचे. कागद संपला की, "येते हं, सर," म्हणून बाई निघायच्या. बाई विधवा, सर बिनलग्नाचे. अख्ख्या शाळेला कळलं होतं, कळलं नव्हतं ते या दोन शहाण्यांना.

मग बाई निवृत्त झाल्या. मुलाने नातू सांभाळायला दूर श्यामेनला बोलावलं. सर हादरले, पण तोंड उघडतील तर शपथ! त्यांनी काय केलं, तर शेवटच्या चाचणीत स्वतःच एक संवाद लिहिला. पुरुष विचारतो, "थोडं थांबता का?" बाई म्हणते, "माझी गाडी चारची आहे." खाली प्रश्न: बाईला काय म्हणायचंय? ए, तिला गाडी पकडायचीय. बी, ती उद्या येईल. सी, तिला राहायचंय. बरोबर उत्तर, ए.

अहो, प्रश्न यांचा आणि उत्तरही यांनीच लिहिलेलं! जन्मभर पेपर काढणाऱ्या माणसाची खोड, दुसरं काय? बाईंनी समोर होतं ते वाचलं आणि गेल्या. सरांनी त्या आठवड्यात अंथरूण धरलं, पेपर दुसऱ्याच कुणी तपासले.

याला सात वर्षं झाली. यंदा नव्या मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं की यापुढे सगळे संवाद संगणकाच्या आवाजात. सरांचा जीव तुटला. बाईंचा आवाज वर्गात शेवटचा एकदा ऐकावा, म्हणून त्यांनी त्या शेवटच्या चाचणीचं ध्वनिमुद्रण शोधलं आणि बारावीच्या पोरांना तीच चाचणी लावली. ऐकताना ते पाठमोरे उभे राहिले.

पेपर तपासताना मात्र ते चक्रावले. तो प्रश्न वर्गातल्या ढ पोरांचा बरोबर आला होता आणि हुशार पोरांचा चुकला होता. झाडून सगळ्या हुशारांनी सी लिहिलं होतं.

"छियाओ, तुझेसुद्धा कान गेले का गं?" त्यांनी पहिल्या नंबरच्या पोरीला झापलं. "गाडी चारची आहे, हे स्पष्ट म्हणतेय ना ती?"

"म्हणतेय, सर. पण आधी किती वेळ गप्प आहे! ज्याला खरंच जायचंय तो असा अडखळतो का? त्या बाईंना राहायचंय, सर. नीट ऐका तरी."

सरांनी सगळ्यांसमोर पुन्हा लावलं. पुरुषाचा प्रश्न आला, मग नुसती शांतता आणि मग बाई. सरांनी तेवढाच तुकडा आणखी एकदा लावला.

दुपारी त्यांनी फोन लावला. काय बोलायचं ते चार ओळींत लिहून घेतलं होतं, सवयच ती!

"बाई, त्या शेवटच्या दिवशी, गाडीच्या वाक्याआधी तुम्ही थांबला होतात. का?"

पलीकडे बाईंनी चालू टीव्ही बंद केला.

"तुम्ही कागदातून मान वर कराल म्हणून, सर."

सरांनी समोरचा कागद पालथा घातला. "तुम्ही जाऊ नये, असं वाटत होतं मला," ते कसेबसे म्हणाले. "अजून वाटतं."

"सात वर्षं लावलीत हो, एवढ्याशा वाक्याला!" बाई म्हणाल्या. "आता नाही निघवायचं मला. नातवाला माझ्याशिवाय घास उतरत नाही. आणि तिकडे चढणीचे रस्ते, माझे गुडघे हे असे. तब्येतीला जपा, सर."

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सांगितलं, "त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर सी. ज्यांनी सी लिहिलंय त्यांचे दीड गुण वाढवून घ्या. चूक पेपर काढणाऱ्याची होती."

पोरांनी टेबलं बडवली. छियाओने हात वर केला. "मग त्या राहिल्या का, सर?"

"नाही," सर म्हणाले. "चारच्या गाडीने गेल्या."