बॅट घेऊन पळाले

नववीत असताना खेळातलं मला सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता. पनवेलच्या आमच्या गल्लीत दोन भावांबरोबर क्रिकेट खेळून मोठी झाले होते ना! लोकांच्या काचा फुटू नयेत म्हणून तिथे चेंडू फक्त खालून टाकायचा. नव्वदच्या सुमारास शाळेत मुलींचा सॉफ्टबॉल सुरू झाला आणि खेळाच्या बाईंनी विचारलं, खालून चेंडू कोण टाकतं, तर मी हात वर करून मोकळी. हा बेसबॉलचाच प्रकार, चेंडू जरा मोठा, एवढं बाईंनी सांगितलं. बाकीचं मीच सगळ्यांना शिकवायला लागले. अगाऊपणा नुसता.

आमची कॅप्टन दहावीतली, उरणच्या बाजूच्या गावातून एसटीने येणारी. तिचे वडील मिठागरावर कामाला. जिल्ह्याचा सामना जिंकला की पुढचे सामने साताऱ्याला, चार दिवस मुक्कामी. पोरीला परगावी पाठवायला वडील तयारच नव्हते. बाई दोनदा घरी जाऊन आल्या तेव्हा कुठे म्हणाले, जिंकलात तर जा. पनवेलच्या पुढे तिनं काहीच पाहिलं नव्हतं आणि दहावीनंतर शाळा सुटणार होती. सरावात ती सारखं साताऱ्याचंच विचारायची, तिथे थंडी असते का, किल्ला खालून दिसतो का. मी तरी कुठे गेले होते? पण उत्तरं मात्र छातीठोक द्यायची.

सामना आमच्याच मैदानावर झाला. चार चेंडू वाईट पडले की समोरच्या मुलीला पहिला बेस फुकटात मिळतो, आणि मी त्या दिवशी भलतीच दानशूर झाले होते. मुली नुसत्या चालत चालत पुढे सरकत होत्या. त्यांचे एकोणतीस रन झाले. नशीब, त्यांची चेंडू टाकणारीही माझ्याच वळणाची निघाली, त्यामुळे आम्ही अठ्ठावीसवर पोचलो. फळ्यावर रन लिहिणाऱ्या सरांना जागा पुरेना.

शेवटचा डाव, दोघी बाद, तिसरी बाद झाली की खेळ खलास; बॅटिंगला मी आणि माझ्यानंतर कॅप्टन. ती त्या दिवशी जोरात मारत होती. बाईंनी मला बजावलं, तू फक्त बेसवर पोच, बाकी ती बघेल.

मी बॅट फिरवली आणि चक्क लागली. चेंडू थेट कुंपणाजवळच्या गवतात. मी पळत सुटले. कॅप्टन ओरडत होती, "बॅट टाक! तिसऱ्यावर थांब!" मला वाटलं, हिला काय कळतंय, बॅट कधी कोणी टाकतं का? मी थांबले नाही. तिन्ही बेस ओलांडून होमजवळ, म्हणजे जिथे उभं राहून बॅटिंग केली त्या पाटीजवळ आले, तेव्हा चेंडूही तिथे पोचत होता. मग गल्लीत करायचे तेच केलं. लांबूनच वाकून बॅट पुढे सरपटवली आणि होमच्या पाटीवर टेकवली. वर पंचांकडे ऐटीत पाहिलंसुद्धा. सॉफ्टबॉलमध्ये पाय टेकावा लागतो, बॅट नाही. त्यांच्या मुलीनं शांतपणे माझ्या पाठीला चेंडू लावला आणि सामना संपला.

सगळ्या हसल्या, आमच्यासुद्धा. मला रडू कोसळलं. कॅप्टननं माझ्या हातातली बॅट काढून घेतली आणि माझ्याशेजारी बसली. तेवढ्यातही मी बोललेच, की आपण पुढच्या वर्षी जाऊ. तिला पुढचं वर्ष नव्हतंच.

"रडू नको," ती म्हणाली. "मी कपडे भरून पिशवी दाराशी ठेवलेली हाय. बाबांनी बघायच्या आत ती उचलायला पायजे."