झोप झाल्याशिवाय गाडी भरायची नाही

"तुमच्या मागावर कुणीही नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "लघवीच्या तपासणीत मेथअँफेटामाइन नावाचं नशेचं द्रव्य सापडलंय. हे भास त्याचे आहेत."

नाशिकच्या सरकारी दवाखान्यातली ती सकाळ होती. शेजारी माझी बायको मनीषा उभी होती. मॅडमनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं, सबस्टन्स इंड्यूस्ड सायकोसिस. म्हणजे नशेमुळे माणसाला नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं.

मी ते नाव तीनदा वाचलं आणि खरं सांगतो, मला आनंद झाला! दोन महिने मला वाटत होतं, कुणीतरी मला मारणार आहे. आता कळलं की तो आजार आहे आणि त्याला इलाज आहे.

मी नांदगावचा, ट्रक चालवतो. लासलगावला कांदा भरायचा, चेन्नईला उतरवायचा, की लगेच परत. एका ढाब्यावर ओळखीच्या ड्रायव्हरनं खडीसाखरेसारखे खडे दिले. झोप पळते म्हणाला. आम्ही त्याला 'काच' म्हणायचो. दोन-दोन दिवस डोळा लागायचा नाही, भूक नाही. वाटायचं, अंगात वाघ शिरलाय.

मग दात हिरड्यांतून हलायला लागले. विजार कमरेवर ठरेना. मनीषा जेवणात काहीतरी कालवते, असा संशय घेऊन मी ताट भिरकावलं. आणि एका दुपारी लासलगावच्या भर मार्केट यार्डात ट्रक चालू ठेवून मी उडी मारली, कांद्याच्या ट्रॉलीवर चढलो आणि ओरडत सुटलो की सगळे मला धरायला आलेत.

मार बसला असता, पण हमालांचे मुकादम सीतारामकाका पुढं आले. "कुणी हात लावू नका. घाबरलाय तो. पानी आना." ते स्वतः ट्रॉलीवर चढून माझ्याजवळ बसले. मी शांत होईपर्यंत तिथंच बसून राहिले आणि मग त्यांनीच मला जीपमधून नाशिकला आणलं.

वॉर्डात पहिले तीन दिवस मी नुसता झोपलो. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. ठोके फार जोरात पडत होते, पण हृदय वाचलं होतं. चौथ्या दिवशी वरणभात दोनदा मागून घेतला. आठवडाभरात कानातले आवाज थांबले.

सुट्टी देताना मॅडम म्हणाल्या, "या नशेला बदली गोळी नाही. इथं माणसंच उपयोगी पडतात. एक पद्धत आहे, कंटिन्जन्सी मॅनेजमेंट. तपासणी चांगली आली की त्याच दिवशी काहीतरी बक्षीस द्यायचं."

"बक्षीस कोण देणार?" मनीषानं विचारलं.

"आमचं यार्ड देईल की!" सीतारामकाका म्हणाले.

आणि दिलं! चहावाल्या अलकाताईंनी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला, त्यात बक्षिसांच्या चिठ्ठ्या. दर बुधवारी यार्डाजवळच्या सरकारी दवाखान्यात माझी तपासणी व्हायची. चांगली आली की डब्यातून एक चिठ्ठी काढायची. न्हाव्याकडून दाढी, हॉटेलवाल्याकडून मिसळ, पंक्चरवाल्याकडून चाकांत हवा. पहिल्या बुधवारी मी डोळे मिटून डब्यात हात घातला. चिठ्ठीत 'भजी' निघाली आणि सगळा हमाल कट्टा ओरडला! लग्नातसुद्धा माझ्यासाठी कुणी एवढं ओरडलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात मी पुन्हा काच ओढली. बुधवारी घरीच तोंड लपवून बसलो. अलकाताई दुकान बंद करून घरी आल्या. "दादा, मॅडमनी सांगितलंय ना, एकदा घसरला म्हंजे संपलं नाय. चला. आज चिठ्ठी नाय मिळणार, चहा मिळंल." मी गेलो. तपासणी केली, खरं बोललो, चहा प्यालो.

पुढच्या बुधवारी माझ्यामागं दोन ड्रायव्हर उभे होते. "आमची पन तपासणी करा," एकजण हळूच म्हणाला. माझे तर पाय जमिनीवर ठरेनात! दवाखान्यानं आमच्यासाठी समुपदेशक ताई पाठवली. छातीत दुखलं, अंग तापलं, भास व्हायला लागले, तर लपवायचं नाही, मारहाण करायची नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं, हे तिनं हमालांना, दुकानदारांना शिकवलं.

पण मूळ दुखणं झोपेचं होतं. यार्डातल्या एका बैठकीत मी ते बोललो. सीतारामकाका उठले. "मग आजपासून झोप झाल्याशिवाय गाडी भरायची नाय."

दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर पोपटभाऊ चेन्नईहून आले, डोळे लाल. कांद्याच्या व्यापारी शेठनं लगेच माल भरायला सांगितलं. हमाल जागेवरून हलले नाहीत. शेठ तापले, "कांदा सडंल माझा! कोन मालक हाय इथं?"

"कांदा सडंल, शेठ," काका म्हणाले, "पन मानूस गेला तर काय भरनार?"

शेठ पोपटभाऊंकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मागच्या रिकाम्या गोदामाची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

तुमच्या घरात कुणी झोपत नसेल, जेवत नसेल, नाही नाही ते संशय घेत असेल, तर अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नका. दवाखाना गाठा. आणि एकट्यानं लढू नका. डॉक्टरांइतकाच माझा जीव वाचवला तो हमालांनी आणि एका चहावालीनं. या लोकांचे उपकार फिटणारे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत.

गाडी नसते तेव्हा मी त्या गोदामाच्या दाराशी राखण करत बसतो. परवा दुपारी शेठ आले. दाराबाहेर चपला काढल्या, आत डोकावले. चटयांवर ओळीनं ड्रायव्हर घोरत होते.

यार्डभर ज्यांचा आवाज घुमतो ते शेठ माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, "फॅन अजून एक लावू का रे?"