कानबाईच्या नावाची सुकडी

फोन आला तेव्हा माझ्या पोळ्या नुकत्याच उरकल्या होत्या. पलीकडे गावाकडचा थोरला पुतण्या होता. "काकू, जेवण झालं का?" मी म्हटलं, "नाही रे, बसतेच आहे." "मग आधी जेवून घे, मी परत लावतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवलासुद्धा. मी ताट वाढून घेतलं, पहिला घास मोडला आणि तेव्हा लक्षात आलं... आमच्या भाऊबंदकीत कुणी गेल्याचं कळलं की माती होईपर्यंत कुणाच्या पोटात अन्न जात नाही. आणि आमची अक्का गेली अनेक वर्षं सगळ्यांना बजावत आली होती की, माझी बातमी उपाशी माणसाला सांगाल तर याद राखा. म्हणजे अक्का गेली. मी रडत रडत ती पोळी संपवली. मेल्यावरही बाईनं मला जेवायला लावलं म्हणून रडता रडता रागही आला, आणि पुतण्याचा दुसरा फोन आला तेव्हा त्याला काही सांगावंच लागलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, विमल. तिला जाऊन आता महिना होत आला. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात ती अंगणवाडीची सेविका होती. सेविका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हळू आवाजात बोलणारी, पदर सावरणारी बाई येते. अक्काचा आवाज मारुतीच्या पारावरून नदीपलीकडे जायचा. तिला स्वयंपाकाची हौस भारी आणि हात मात्र यथातथाच. अंगणवाडीतली तिची खिचडी पोरं खायची ती भुकेपोटी आणि तिच्या धाकापोटी. मी सावद्याची, केळीच्या मुलखातली. माझी बोली ऐकून सासरचे लोक सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायचे. पहिल्याच आठवड्यात अक्का सगळ्यांसमोर ओरडली, "तिले हसू नका, तिना माहेरनी केळी उनी म्हंजे तुम्हीच पहिले हात पसरशात!" त्या दिवसापासून मी तिची झाले. अर्थात माहेराहून केळीचा घड आला, तेव्हा पहिला हात तिनंच मारला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. अंगणवाडीत तेव्हा सुकडी यायची. भाजलेल्या पिठाची, गोडसर, कोरडी. मोठी पोरं तिथं बसून खिचडी खायची आणि अगदी लहानग्यांची सुकडी आया घरी न्यायच्या. घरी नेलेली वस्तू मात्र घराची होते! सासू ती डब्यात ओतायची, मग थोरली भावंडं मूठ मारायची, पाहुण्याला वाटीभर जायची, उरलंसुरलं आंबोणात पडायचं. आमच्या गावातल्या म्हशी त्या काळात तुकतुकीत दिसायच्या, त्याचं श्रेय सरकारलाच द्यायला हवं. जिच्या नावावर सुकडी आली ते पोर मात्र भिंतीला टेकून बोट चोखत बसलेलं असायचं. सरकारकडून तक्ते यायचे, काटे यायचे, साहेब यायचे, आणि सगळं त्या डब्यापाशी येऊन अडायचं. गंमत म्हणजे गावभर हे ओरडून सांगणाऱ्या अक्काच्या स्वतःच्या घरातही हेच चाललं होतं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

कारण त्या घरातलं ते पोर म्हणजे माझी मंगल. जन्मतःच किरकोळ, त्यात मी बाळंतपणात तापानं फणफणलेली, दूध लवकर आटलं. घरातली चूल आणि डबे सासूबाईंच्या ताब्यात. आम्ही दोघी जावा त्यांना 'माय' म्हणायचो आणि विचारल्याशिवाय मिठालाही हात लावायचो नाही. माय वाईट नव्हती, पण तिचा हिशेब जुना. आधी कर्ते पुरुष, मग पोऱ्हे, मग पोरी, आणि सुना उरलं तर. त्यात मंगल दुसरी पोर. तिचा नंबर लागेपर्यंत वाडगा धुऊन पालथा पडलेला असायचा.

तर एकदा उन्हाळ्यात अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायची होती. टांगता काटा, त्याला कापडाची झोळी. बायका अंगणात जमल्या, पण पोर कुणी खाली ठेवेना. "पोर काय कांदा शे का, तोलाले? नजर लागी जाई!" एक म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग पहिले मन्हाच घरनी पोर टांगस!" आणि माझ्या कडेवरची मंगल उचलून तिनं झोळीत घातली.

काटा जागचा हललाच नाही म्हणा ना. अक्कानं काटा ठोकून पाहिला. मंगल झोळीतून टुकुटुकु बघत होती. गावाला शहाणपण शिकवणारीच्या घरची पोर, आणि ती इतकी हलकी. अक्काचा चेहरा मी आयुष्यात एकदाच तसा पांढरा पडलेला पाहिला. दुसऱ्या दिवशी ती मला आणि मंगलला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पोरीच्या पोटऱ्यांवरची कातडी चिमटीत धरली, सोडली आणि म्हणाले, "पावसाळ्याच्या आत हिच्या अंगावर काही चढलं पाहिजे. नाहीतर एक जुलाबाचा झटका हिला झेपायचा नाही." परतीच्या वाटेवर अक्का चालता चालता कुणावर तरी दात खात होती.

कुणावर ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. थोरले दीर, म्हणजे अक्काचे यजमान, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ओट्यावर बसून चहा पीत होते. कपात चमचा उभा राहील इतका दाट चहा! अक्का जवळ गेली, वास घेतला. चहात सुकडी. "तुम्ही पोरना तोंडनं काढीसन खातस?" ती किंचाळली. आबा साधा माणूस. "माले काय म्हाईत? चहामा गोड लागस," असं म्हणून त्यांनी आणखी एक चमचा कालवला. पुढचा अर्धा तास आमच्या गल्लीत जे भाषण झालं ते इथं छापता येण्यासारखं नाही.

पण ओरडून डबा सुटत नाही, हे अक्कालाही कळत होतं. मग तिनं जे केलं ते फक्त खान्देशातलीच बाई करू जाणे. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाच्या रोटासाठी घरातल्या एकेका माणसाच्या नावानं गहू मोजून घेतात. तो रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचा नाही, टाकायचा नाही, खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा पायदळी येऊ द्यायचं नाही. चोरून तूप खाणारा माणूसही कानबाईच्या रोटाला वेडावाकडा हात लावणार नाही. पुढच्या वाटपाच्या दिवशी अक्कानं सुकडीच्या पोत्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती खोचली आणि जाहीर केलं, "हाई सुकडी नही, रोट शे. जेना नावना, तेनीच खावा. दुसरानी खादा, ते कानबाई पाही लेई!"

काय सांगू महाराजा! गावातले डबे एका दिवसात सुटले. माय स्वतः आंघोळ करून मंगलला पाटावर बसवायची, वाडगा पुढे ठेवायची, पोरीनं सांडलेला कणन्‌कण वेचून तिच्याच तोंडात घालायची. आबा कोरा चहा पिताना त्या पाटाकडे पाठ करून बसायचे. मंगलच्या गालाला जरासा रंग आला. मी अक्काला म्हटलं, "अक्का, तुम्हाला मुख्यमंत्री करायला पाहिजे." ती म्हणाली, "तठे पोऱ्हे कोठे शेत?"

आणि मग आषाढात भाऊबंदकीतल्या टोकाच्या घरची सून बाळंत झाली. छान मुलगा झाला. पेढे आले. अक्का पेढा तोंडात टाकते तोच मायनं मंगलचा पाट उचलून भिंतीला लावला. "सुवेर शे. सुवेरमा रोट चालस का?" जन्माचं सुवेर लागलं की देवाचं काही करायचं नाही, रोट तर नाहीच नाही. अक्कानं कपाळावर हात मारून घेतला. आमची भाऊबंदकी म्हणजे अर्धं गाव. कुणीतरी जन्माला येतंय, कुणीतरी जातंय, एक फिटलं की दुसरं लागतंय. स्वतःच रचलेल्या शास्त्रात बाई पुरती अडकली. "बाई वं, हाई साधी सुकडी शे," असं ती घरोघर सांगत फिरली, तर बायका तिलाच दटावायच्या, "असं बोलू नको अक्का, देवीले राग यी." तिकडे आभाळ भरून आलेलं आणि इकडे मंगल पुन्हा भिंतीला टेकून बोट चोखायला लागली. मी देवीवर चिडले, अक्कावर चिडले, त्या बिचाऱ्या नव्या बाळंतिणीवरसुद्धा चिडले.

दोन दिवस अक्का कुणाशी बोलली नाही, हेच मुळात गावाला अघटित वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं मंगलला कडेवर घेतलं आणि सरळ शेजारच्या ठगूबाईच्या ओट्यावर नेऊन बसवलं. ठगूबाई दुसऱ्या आडनावाच्या, त्यांना आमचं सुवेर लागत नव्हतं. पण त्यांचा आणि मायचा सांडपाण्याच्या मोरीवरून वर्षानुवर्षांचा अबोला. माय आतून ओरडली, "तठे कोठे ली चालनी पोरले?" अक्का म्हणाली, "आपली चूल बाटनी, ठगूबाईनी कोठे बाटनी? सुतकमा शेजारीन घास लयस का नही? मंग!" ठगूबाईनं मंगलकडे एकदा पाहिलं, मग आमच्या दाराकडे पाहिलं आणि मोठ्यानं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली, "मन्हा घर उनी, ते उपाशी थोडी जाई!" आणि अक्कानं सोबत आणलेल्या मंगलच्या सुकडीत तुपाची धार सोडली.

ते तूप मायच्या काळजात गेलं. शत्रूनं आपल्या नातीला तूप वाढलं! संध्याकाळी अक्का ठगूबाईचा नातू नान्याला घेऊन आमच्या दारात उभी. "त्यासनी आपली पोर जेवाडी, आपन काय मागे ऱ्हावानं? नान्याले आपलं सुवेर थोडी लागस!" मायनं नान्याच्या सुकडीत तूप घातलं, वर गूळ घातला, शेंगदाण्याचा कूट घातला, आणि तोही भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा कुटला. सुवेर फिटलं तरी हे थांबेना. घरच्या पोरीला वाढताना आखडणारा हात दुसऱ्याच्या पोराला वाढताना आखडला, तर घराची अब्रू जाते. हळूहळू गल्लीगल्लीत पोरं एकमेकांच्या घरी जेवू लागली. अक्काला हे आधी सुचलं होतं की दैवानं जमून आलं, मला आजतागायत ठाऊक नाही. विचारलं की ती नुसती हसायची.

पुढच्या वजनाच्या दिवशी, नजरेला भिणाऱ्या माय आणि ठगूबाई, दोघी म्हाताऱ्या सर्वांत आधी काट्यापाशी हजर. नान्याला झोळीत घातलं तर काटा असा काही खाली आला की ठगूबाईचाही विश्वास बसेना. अक्कानं झबलं वर केलं. आत चांदीचा जाड करदोडा, पायात वाळे, गळ्यात मायची स्वतःची सरी! "माय, हाऊ पोऱ्या चांदीना शे का?" अक्कानं विचारलं. माय जराही न डगमगता म्हणाली, "परायाना पोऱ्या लंकानी पार्वतीसारखा कसा धाडू?" सगळं अंगण हसून हसून लोळलं. ठगूबाई आणि माय एकमेकींशी बोलल्या त्या त्या दिवसापासून. म्हणजे भांडल्या, पण तोंडानं.

भादव्यात मंगलला जुलाब लागलेच. डॉक्टर म्हणाले होते तोच झटका. नदीला पूर, गाडी बंद. अक्का मांडीवर पोर घेऊन मीठसाखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहिली, तिच्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता, आणि ते बघून मला जास्त भीती वाटत होती. पाणी ओसरल्यावर दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तीच पोटरी पुन्हा चिमटीत धरली. "अंगावर थोडं होतं म्हणून निभावली," ते म्हणाले. अक्कानं तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर बसून हंबरडा फोडला. नदीपलीकडे ऐकू जाणारा तिचा तो आवाज मला त्या दिवशी फार गोड वाटला.

अक्काची एक सवय सांगायलाच हवी. निवृत्त झाली, केस पांढरे झाले, तरी भेटायला कुणीही येवो, जावई असो की पुढारी, रामराम घालण्याआधी ती त्याचा दंड चिमटीत धरायची आणि विचारायची, "तुन्हा वाटानं कोन खास?" म्हणजे, तुझ्या वाट्याचं कोण खातं? तिच्या दिवसांना जमलेल्या बायका एकमेकींना भेटताना नकळत एकमेकींचे दंड चाचपत होत्या, आणि लक्षात आल्यावर रडण्याऐवजी हसत होत्या. मंगलचा दंड तर आता कुणाच्या मुठीत मावत नाही. वजन कमी करा म्हणून तिच्यामागे डॉक्टर लागलेत, ती सकाळी काकडी आणि संध्याकाळी नुसतं सूप घेते.

शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी अक्काला धुळ्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो होतो. अंथरुणात हाडांचा सापळा उरला होता, अन्न जात नव्हतं. मंगल खाटेच्या कडेला बसली, दुधात कालवलेल्या भाताचा वाडगा हातात घेतला. अक्काचा दंड तिनं दोन बोटांत धरला, बोटं एकमेकांना टेकली. हट्टानं तिनं विचारलं, "अक्का, तुन्हा वाटानं कोन खास?" अक्कानं डोळे उघडले. मग वाडगा हळूच मंगलकडे सारून म्हणाली, "आते मन्हा वाटानं तू खाय." मंगलनं तो सगळा भात तिच्यासमोर बसून खाल्ला, आणि वाडगा रिकामा झालेला बघितल्यावरच अक्कानं कूस बदलली.