फ्राईजची पंगत

तळलेल्या बटाट्यांचा वास आला की नगरचं ते अमेरिकन हॉटेल आठवतं. मला नोकरी लागली म्हणून कोल्हारहून सगळं घर तिथं जेवायला गेलं होतं. लाल गुबगुबीत बाकांवर सगळे टेकले, आई मात्र उभीच. "आदी पोरांचं होऊ दे, मग बसते मी," म्हणत तिनं फ्राईजची टोपली उचलली आणि पंगतीत वाढावं तशी वाढत सुटली. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता, त्यांनाही सोडलं नाही. "घ्या की, लाजताय काय!" मी ताटावर हात आडवा धरला, तर "लई न्हाई, एवढंच," म्हणत बोटांच्या फटीतून दोन फ्राईज सरकवल्याच. आता आई नाही. तिथं गेलो की पोट भरल्यावर हात आपोआप ताटावर जातो. आग्रह करायला कुणी येत नाही, तरी हात लगेच काढवत नाही.