ताईचं माकड आणि पास्टर सर

ताई गेली तेव्हा आमच्या घरी माणसं यायची, आधी रडायची, आणि चहा आला की तिचा एखादा किस्सा सांगायची. सांगता सांगता हसायची. मग समोर आई बसलीय हे लक्षात आलं की एकदम ओशाळायची. आई म्हणायची, "सांगा, सांगा. मला पण नवीन हाय."

असे इतके किस्से जमले की कोणता कोणी सांगितला तेही आता आठवत नाही. शाळेच्या शिपायाचा वेगळा, पोरांचा वेगळा. पास्टर सर सांगतात त्यात तर ते स्वतः कधी हरतच नाहीत. म्हणून लिहून काढतोय. मी आठवीत शाळा सोडली, लिहायची सवय नाही. ताई असती तर लाल पेन घेऊन बसली असती. आता कोण बघतंय?

ताई म्हणजे पोरांच्या मनीषा मिस. पेणच्या एका ख्रिश्चन शाळेत ती दहावीला विज्ञान शिकवायची. आम्ही मूळचे खांब गावचे. आई तिथं शेतात भात आणि वाल करते, आम्ही दोघं पेणला भाड्याच्या खोलीत राहायचो. सकाळी ताईला बाईकवर शाळेत सोडायचं आणि पुढं हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात जायचं, हे माझं रोजचं. शाळेचे मुख्याध्यापक पास्टर सर. देवानं सगळं जग सहा दिवसांत केलं, एक दिवस जास्त नाही आणि एक दिवस कमी नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि ताईच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा. पुढचं काय सांगायचं!

*

सुरुवात इंटरव्ह्यूपासूनच झाली.

पास्टर सरांनी सर्टिफिकिटं बघितली, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, माणूस माकडापासून झाला असं शिकवणार तुम्ही माझ्या मुलांना?"

ताई म्हणाली, "नाय सर. माकडापासून नाय. माकडाचं आणि आपलं मूळ एक, एवढंच."

सरांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "म्हणजे नातेवाईक? ते तर आणखी वाईट."

नोकरी मात्र दिली. बोर्डाच्या पेपरात धडा होता, आणि पेणमध्ये चांगला विज्ञानाचा शिक्षक शोधून मिळत नव्हता.

*

टाइमटेबल असं होतं की तिसरा तास पास्टर सरांचा बायबलचा आणि चौथा ताईचा. म्हणजे पोरांना तिसऱ्या तासाला माणूस मातीतून तयार मिळायचा आणि घंटा झाली की त्याला परत पाण्यात जाऊन पहिल्यापासून यावं लागायचं.

एकदा बायबलच्या परीक्षेत एका पोरानं लिहिलं, "पहिल्या दिवशी देवाने अमिबा निर्माण केला." पास्टर सरांनी त्याला अर्धा मार्क दिला. पोरगा हुशार, पेपर घेऊन त्यांच्याकडे गेला. "सर, अर्धाच का?"

सर म्हणाले, "देव माझा. अमिबा मिसचा. अर्धा मार्क तिच्याकडून घे."

पोरगा खरंच ताईकडे आला. ताईनं दिला.

*

ताई वर्गात एका बाबतीत कडक होती. शिक्षक आल्यावर मुलांनी उभं राहायचं आणि ते 'बसा' म्हणत नाहीत तोवर बसायचं नाही. आणि स्वतः मात्र शिकवायच्या नादात 'बसा' म्हणायलाच विसरायची.

एकदा आली ती थेट फळ्याकडे वळली आणि सुरू झाली. पोरं उभी. अर्धा तास गेला तरी उभी. खिडकीतून पास्टर सरांनी बघितलं, आत आले. "मॅडम, पूर्ण वर्गाला शिक्षा? केलं काय त्यांनी?"

ताईनं वळून बघितलं. तेव्हा कुठं तिला कळलं. पण माघार घेईल ती ताई कसली! म्हणाली, "शिक्षा नाय सर. उत्क्रांतीचं प्रॅक्टिकल. दोन पायांवर उभं राहायला किती त्रास पडला असेल, ते बघतायत."

पास्टर सर म्हणाले, "मग आता त्यांना खुर्चीचा शोध लावू द्या."

*

पास्टर सरांना वालाचं बिरडं आवडतं, हे ताईनं आईला सांगितलं आणि आईनं त्यांना खांबला जेवायला बोलावलं. जेवताना आईनं गाऱ्हाणं घातलं. "बघा ना हो सर, माझ्या पोटची पोर, आणि मला माकडाच्या खानदानातली म्हणते."

सर खूश. "आई, म्हणजे या बाबतीत तुम्ही आणि मी एका बाजूला."

"व्हय तर. देवानंच केलं सगळं." आईनं त्यांना आणखी बिरडं वाढलं. "पण तुमचा देव म्हणे सहा दिवस काम करून सातव्या दिवशी झोपला?"

"विश्रांती घेतली, आई."

"एकच दिवस? आमचा तर आषाढात झोपतो तो चार महिने उठत नाय. कामच एवढं काढून ठेवलंय की देव पण दमतो."

ताई हसून हसून ताटावरून उठली. आई म्हणाली, "हस गो, हस. आम्ही दोघं तुझ्याविरुद्ध हाय."

*

आता माझा किस्सा. हा कारखान्यात अजून सांगतात.

गणपती गेले की कारखान्यात जरा उसंत असते. ताई म्हणाली, "निल्या, मला माकडासारख्या पूर्वजापासून माणसापर्यंत पाच मूर्ती करून दे. चित्र दाखवून पोरांना कळत नाय."

मी म्हटलं, त्यात काय! शाडू होता, साचे होते. पण साचे सगळे गणपतीचे. अंग मी हातानं वळवलं, तोंड चित्रात बघून केलं, पण हाताचे पंजे करायचा कंटाळा आला म्हणून साच्यातनं काढून लावले. रंग दिला. शेवटी डोळ्यांची आखणी केली, तीही सवयीनं अगदी मन लावून. शेठ फिरत फिरत आला, माकडासमोर उभा राहिला. माकड बसलेलं, उजवा हात वर, पंजा पुढं, आशीर्वाद देतंय.

शेठ म्हणाला, "ऑर्डर कोणाची? आणि सोंड कधी लावणार?"

ताईनं ते तसंच वर्गात नेलं. टेबलावर ठेवून ती खडू आणायला ऑफिसात गेली. परत आली तर पुढच्या बाकावरच्या दोन मुली हात जोडून उभ्या. मागची पोरंही उभी. आणि दारात पास्टर सर.

सर म्हणाले, "मॅडम, मी उत्क्रांतीला परवानगी दिली. मूर्तिपूजेला नाय दिली. आणि ती पण माकडाची!"

त्यानंतर ताईनं माकडाच्या पंजात एक केळं बसवून घेतलं. आशीर्वाद बंद झाला.

*

सगळ्यात खूश पास्टर सर धरमतरला झाले होते.

ताई वर्गाला खाडीवर घेऊन गेली. ओहोटी लागलेली, चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे पाण्याबाहेर येऊन चिखलावर चालणारा मासा. ताई म्हणाली, "बघा, पाण्यातला जीव जमिनीवर कसा आला असेल, त्याचा अंदाज याच्याकडे बघून येतो. याला नीट बघा, मान द्या."

खाडीकडच्या गावातली एक मुलगी म्हणाली, "मिस, आम्ही याचं कालवण करतो."

सगळे हसले. ताईसुद्धा. पास्टर सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे होते, एक निवटी त्यांच्या पायाजवळून सरपटत गेली. त्यांनी वाकून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "देवानं पाचव्या दिवशी मासे केले आणि सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी. मॅडम, हा बहुतेक मधल्या रात्री झाला."

ताई म्हणाली, "सर, ती रात्र जरा मोठी धरा, मग माझं काही म्हणणं नाय."

येताना दोघं गाडीत शेजारी बसून वडापाव खात होते.

*

पाच मूर्तींपैकी चार झाल्या होत्या. पाचवी माणसाची. मी विचारलं, "हातात भाला देऊ का?"

ताई भडकली. "प्रत्येक चित्रात शेवटी पुरुषच. बाई काय आभाळातून पडली? बाई कर."

मग मी गौरीचा साचा घेतला. साडी, दागिने काढून टाकले, केस बांधले, साधा पंजाबी ड्रेस चढवला. पायाला पाय जुळवून सरळ उभी केली. रंग झाला. फक्त डोळे राहिले. ताई म्हणाली, "धडा सुरू व्हायच्या आत दे हां, निल्या, फसवू नकोस."

त्याच आठवड्यात ती शाळेतून आली, डोकं दुखतंय म्हणाली. पनवेलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. ती माझ्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठी होती.

यात काही किस्सा नाही. पण पुढचं कळायला सांगावं लागतं.

मूर्ती खोलीवर तशीच. कोरे डोळे घेऊन माझ्याकडे बघत बसलेली. पास्टर सरांचा फोन आला. "निलेश, बोर्डाची परीक्षा जवळ आलीय. नवीन शिक्षक मिळत नाय. तो धडा मीच घेणार आहे. मॅडमची शेवटची मूर्ती घेऊन ये."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुम्ही घेणार? तुम्ही धड्याची पानंच एकमेकांना चिकटवून टाकाल, सर. मूर्ती मिळणार नाय." फोन ठेवला, मूर्ती पोत्यात घातली, बाईकला बांधली आणि आईला फोन केला, की ही मी धरमतरच्या खाडीत सोडतोय, मला ती बघवत नाय.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डोळे न देता कोणाला पाण्यात सोडतात का रे?"

*

शाळेत गेलो तेव्हा छोटी सुट्टी चालू होती, चौथा तास सुरू व्हायचा होता. पास्टर सर वर्गात एकटेच टेबलाशी, हातात ताईचं पुस्तक. चारही मूर्ती त्यांनी रांगेत मांडून ठेवल्या होत्या, माकडाच्या हातात नवीन केळं होतं. त्यांनी रांगेच्या शेवटी जागा करून दिली. मी ब्रश काढला आणि तिथंच आखणी केली. गौरीचे डोळे मोठे असतात, टपोरे. मी तसे काढायला गेलो, पण हसताना ताईचा उजवा डोळा जरा बारीक व्हायचा, तसाच झाला. हात पुसून मी मूर्ती रांगेत शेवटी ठेवली आणि मागच्या भिंतीला जाऊन टेकलो.

घंटा झाली. पोरं ग्राउंडवरून धावत आली, दारातच थांबली. मग एकेक जण आपापल्या बाकाशी जाऊन उभा राहिला. पुढच्या बाकावरची ती निवटीवाली मुलगी म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस." मग सगळा वर्ग म्हणाला.

मी पास्टर सरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसला. माझ्याकडे नाही, मुलांकडेही नाही, रांगेतल्या शेवटच्या मूर्तीकडे बघितलं. मग पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मासा पाण्याबाहेर आला, चिखलातून चालला, झाडावर चढला, खाली उतरला, दोन पायांवर उभा राहिला. एकही ओळ त्यांनी सोडली नाही.

मागं त्यांची खुर्ची होती. पोरांना बाक होते. पण 'बसा' कोणी म्हणालं नव्हतं.

तास संपेपर्यंत कोणी बसलं नाही.