गाण्याच्या मधली जागा

संध्याकाळच्या शोमध्ये गिटार चांगली खणाणत होती, आणि एकाएकी रेडिओवर गणपतीचं भक्तिगीत सुरू झालं. मी चहा तसाच टाकून कंट्रोल रूमकडं पळालो.

मी शहरातल्या एका एफएम स्टेशनवर टेक्निकल इंजिनिअर आहे. रेडिओवरचा आवाज मधेच बंद पडला की त्याला आम्ही डेड एअर म्हणतो. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. त्यावर पहारा ठेवायला सायलेन्स डिटेक्टर असतो. काही सेकंद आवाज आला नाही की त्याला वाटतं स्टुडिओ मेला, आणि तो आपणहून बॅकअपची गाणी लावतो. आमचा नवा डिटेक्टर त्याच दिवशी बसवला होता. बॅकअपला सकाळची भक्तिगीतं होती.

"मी कशालाच हात लावला नाही सर," शोची आरजे प्रज्ञा म्हणाली.

चोरसुद्धा हेच म्हणतो. मी कॉम्प्युटरवर ते गाणं उघडलं. आपल्याच शहरातल्या एका कॉलेज बँडचं मराठी रॉक, वीसेक वर्षांपूर्वीचं. एका माणसाची माफी मागायची राहून गेली, एवढाच विषय. ड्रम धडाधड वाजतात, गायक घसा फोडतो, आणि शेवटच्या कडव्याआधी सगळं थांबतं. चिडीचूप. मग गायक नुसतं 'उशीर झाला' म्हणतो आणि पुन्हा दणका.

झालं, आजार सापडला. मी ती शांतता कापून टाकली, दोन्ही टोकं जोडली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गाणं वाजलं आणि फोन सुरू झाले. चितेगावहून एका कंपनीतला वॉचमन, सिल्लोडची एक बाई, खुलताबादचा एक दुकानदार, आणखी कोण कोण. सगळ्यांची तक्रार एकच. "मधली जागा कुठं गेली?"

आता मला सांगा, शांततेला 'जागा' कोण म्हणतं? आणि वेगवेगळ्या गावची माणसं नेमका तोच शब्द कशी काय वापरतात? कुठंतरी पाणी मुरत होतं.

आमचे स्टेशन हेड भालेराव सर संशयात माझ्याहून पुढचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"शिंदे, हे गाणं कुणाला माहीत तरी आहे का? मग रोज का लागतं?"

"रिक्वेस्ट येतात म्हणते ती."

"येतात की आणवल्या जातात? त्या गायकाचं अन् हिचं काही साटंलोटं असणार. सोमवारपर्यंत मला छडा पाहिजे. तसं काही निघालं तर शो बंद, आणि ती घरी."

प्रज्ञा हुशार पोरगी. घरात तिच्या एकटीचा पगार. पण काही विचारलं की तिचं उत्तर तयार असायचं, आणि तयार उत्तराचा मला लई राग. चौकशीचं मी तिला सांगितलं नाही. तिला मात्र कळलं होतं. दोन दिवस ती माझ्याकडं बघतच नव्हती.

शनिवारी मी मोटरसायकल काढली आणि खुलताबाद गाठलं. फोन करून गेलो नाही. सांगून गेलं की माणूस तयारीत बसतो. दुकानदाराचं नाव रशीदभाई, दर्ग्याच्या रस्त्याला अत्तराचं छोटं दुकान. मी ओळख सांगितली आणि सरळ विचारलं, "फोन करायला कुणी सांगितलं होतं?"

"किसने बोलना साहब?" ते चक्रावले. "सच बोलूं तो गाना मेरेकू पसंदच नै. कान फाडता. मगर वो बीच में चुप होता ना, तब मैं भाई का नाम लेता."

भावाशी त्यांचं बोलणं बंद होतं. कशावरून, तर भाचीच्या लग्नात आधी कुणाला जेवायला बसवलं यावरून. मग एक दिवस भाऊच गेला. "मय्यत में गया मैं. मिट्टी दिया. बात करने का रह गया." डोळे पुसत त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मला बसवेना. पण शंका काही माझं मानगूट सोडेना.

"नाव घ्यायचं हे कुणी शिकवलं?"

"तुम्हारी बाई रोज बोलती की! तुम रेडिओवाले रेडिओ नै सुनते क्या?"

मी गाडीला किक मारली. परत आलो ते थेट रेकॉर्डिंग लावून बसलो. आमच्याकडं हवेत गेलेला शब्द न् शब्द साठवून ठेवतात. प्रज्ञा रोज गाण्याआधी म्हणत होती, "मधली जागा तुमची. ज्याच्याशी बोलायचं राहिलं, त्याचं नाव घ्या. मी काही बोलणार नाही." ती हे बोलायची तेव्हा मी रोज तिच्या समोरच, काचेपलीकडं बसलेला असायचो. पण आमचं लक्ष मीटरच्या सुईवर. आवाज किती आहे ते बघायचं. काय आहे ते आम्ही ऐकतच नाही.

तरी गायक उरलाच होता. जुन्या सीडीच्या कव्हरवरून नाव मिळालं, चौकशी करत नंबरही मिळाला. आता बीड बायपासला त्याचं टाइल्सचं दुकान आहे. मी म्हटलं, "रेडिओ स्टेशनवरून बोलतोय. तुमचं गाणं आमच्याकडं रोज लागतं, त्याबद्दल..."

"ओटीपी देणार नाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुन्हा केला. "अहो, खरंच लागतं."

"कोण लावतंय? बाराव्यालासुद्धा कुणी लावणार नाय ते. तुम्ही कोणत्या टोळीचे, ते सांगा आधी."

माझा जीव भांड्यात पडला. या माणसाला आपलं गाणं वाजतंय हेच माहीत नव्हतं, तो प्रज्ञाला काय देणार? आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर संशय घेतला आणि मला बरं वाटलं.

त्याला पटवता पटवता पुरेवाट झाली. शेवटी मी विचारलं, "मधे शांतता का ठेवली?"

"तिथं एक ओळ होती. मला गाता येईना."

"काय ओळ होती?"

"सांगता आली असती तर गायलो नसतो का?" मग तो म्हणाला, "पण शांतता कुठंय तिथं? गिटारचा ॲम्प्लिफायर चालू होता. घूं ऐकू येती की."

मी कपाटातली मूळ सीडी काढून लावली. खरंच, मधल्या जागेत ॲम्पची बारीक घूं होती, आणि गायकाचा श्वास. सीडीवरनं गाणी घेताना आम्ही खरखर काढणारं सॉफ्टवेअर लावतो. त्यानं ती घूं खरखर समजून पुसून टाकली होती. जागा होती तेवढीच राहिली, पण मेली.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं आणि मूळ गाणं जसंच्या तसं लावलं. भालेराव सर हाताची घडी घालून कंट्रोल रूममध्ये उभे. काचेपलीकडं प्रज्ञानं माइक बंद केला. ड्रम थांबले. सुई धाडकन खाली आली, पण तळाला गेली नाही. डिटेक्टर गप्प. 'उशीर झाला' आलं आणि पुन्हा दणका.

"राहू द्या गाणं. शोही राहू द्या," सर म्हणाले आणि झटकन बाहेर गेले.

मी प्रज्ञाला म्हटलं, "चुकलं माझं, पोरी." आमच्या ऑफिसात हे वाक्य कुणी फारसं ऐकलेलं नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही वेळेत म्हणालात," आणि हसली.

मी यातनं एवढंच शिकलो, की कुणावर शंका घ्यायची तर आधी त्याचं बोलणं ऐकून घ्यावं. फुकट असतं.

हल्ली ते गाणं लागायच्या वेळेला भालेराव सर कंट्रोल रूममध्ये येतात. लेव्हल बघायला आलो म्हणतात. लेव्हल बघणं हे त्यांचं काम नाही. मधली जागा आली की ते माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करतात, आणि त्यांचे ओठ हलतात. मला दाट संशय आहे. पण याची चौकशी मी करणार नाही.