कुनी म्हणजे मुलूख

१२ मे, मंगळवार. कुरडयांचा चीक शिजवायचा होता आणि पुतणीची मुलाखत होती. दोन्ही एका दिवशी यायला नको होतं. पण गहू भिजत घातला तेव्हा मुलाखतीची तारीख ठरलेली नव्हती. ती ठरली तेव्हा गहू आंबून तयार होता. जपानी माणसं आपल्या गव्हासाठी थांबत नाहीत आणि आंबलेला गहू कोणासाठीच थांबत नाही. पहाटे उठून चीक घोटला, ऊन तापायच्या आत गच्चीवर कुरडया घातल्या, सासूबाईंना काठी देऊन कावळ्यांपासून आणि आमच्या शेळीपासून राखणीला बसवलं आणि मी खाली आले.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. नर्सिंगचा कोर्स झालेली. जपानात म्हाताऱ्या माणसांच्या सेवेसाठी मुली हव्या असतात, म्हणून ती जपानी शिकत होती. क्लास सोलापूरला; आमच्या तामलवाडीहून एसटीने रोज जाऊन येता येतं, म्हणून ती वर्षभर माझ्याकडेच राहत होती. ही तिची तिसरी मुलाखत. आधीच्या दोन ठिकाणी नकार आला होता. तिसरा आला की क्लासच्या नियमाप्रमाणे नाव थेट पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी तिचे वडील तिला परत पाठवतील, यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

दोन्ही नकारांचं कारण एकच होतं: मुलगी पाठ केलेलं बोलते. ते खरंच होतं. क्लासने सगळ्या मुलींना ‘माझा देश’ नावाचं एकच भाषण दिलं होतं. त्यात ताजमहाल होता. दुसऱ्या मुलाखतीत समोरच्याने सहज विचारलं, ताजमहालात तुम्हाला काय आवडलं? आमची बाई सोलापूरच्या पलीकडे गेलेली नाही. तिने भाषणाचं पुढचं वाक्य म्हणून टाकलं. ते आंब्यावर होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. जपानी मला येत नाही, पण तिच्या पुस्तकाच्या शेवटी एक नकाशा होता, तो मी बघताक्षणीच ताब्यात घेतला. हा आजचा जपान नव्हता. बेटांचे बारीक बारीक तुकडे पाडलेले, तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तसे. हे जुने प्रांत, साठाहून जास्त. हजार-बाराशे वर्षं चालले, मग राजाने एका फटक्यात मोडले आणि नवे जिल्हे पाडले. एकेका तुकड्याला म्हणायचे ‘कुनी’.

मला त्या नावांचा नाद लागला. भाजी निवडताना मी तिला नावं विचारायची आणि ती वैतागून सांगायची. एचिझेन, एत्चू, एचिगो. एकाच मुलखाचे तीन तुकडे: पुढचा, मधला, मागचा. पुढचा कशावरून? तर राजधानीतून निघाल्यावर जो आधी लागेल तो. ओमी म्हणजे जवळचं तळं आणि तोतोमी म्हणजे लांबचं तळं. जवळ-लांब हेही राजधानीपासूनच. म्हणजे राजधानीत बसलेल्या कारकुनाने खिडकीतून बोट दाखवत नावं ठेवली असणार. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द निदान थोरला-धाकटा एवढंच सांगतात. तिथे गावाला स्वतःचं तोंडच नाही, राजधानी जिकडे बघेल तिकडे ते पुढे नाहीतर मागे.

सगळ्यात गंमत काझुसा आणि शिमोसाची. एक वरचा, एक खालचा. नकाशात बघावं तर वरचा खाली आणि खालचा वर! मी म्हटलं, छापताना चूक झाली. पुतणीने क्लासच्या बाईंना विचारलं, तर चूक नव्हती. जुन्या काळी लोक राजधानीकडून होडीने यायचे, त्यांना दक्षिणेचा तुकडा आधी लागायचा, म्हणून तो वरचा.

“त्यात काय एवढं,” सासूबाई म्हणाल्या. “आमी न्हाय का, खाली सोलापूरला जाऊन आलो म्हणत?”

“आत्या,” मी सासूबाईंना विचारलं, “पण कुनीला मराठीत काय म्हणायचं? राज्य म्हणावं तर मोठं होतं, जिल्हा म्हणावं तर कोरडं वाटतं.”

“मुलूख म्हण की. माणूस ज्या मुलखाचं, त्यो.”

शब्द चोख बसला. जपानीतही माणसाला गाव विचारताना अजून तोच शब्द वापरतात, ‘तुमचा कुनी कोणता?’ प्रांत मोडून दीडशे वर्षं झाली तरी. सासूबाईंना याचं काहीच नवल वाटलं नाही. त्यांचं माहेर बार्शीकडचं. बार्शी इंग्रजांकडे होती आणि आमचा भाग निजामाकडे, म्हणून बार्शीकडची माणसं आम्हाला मोगलाई म्हणायची. निजाम गेला तेव्हा सासूबाई पाळण्यात होत्या. पुढे लग्न होऊन आल्या, पोरंबाळं, नातवंडं झाली, पण भाजीत मीठ कमी पडलं तर आजही म्हणतात, “तुमच्या मोगलाईत मीठ महाग हाय का गं?”

तर मंगळवारी सकाळी मी पुढच्या खोलीत मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. मागची दोरी काढली, तिच्यावरचे टॉवेल काढले. पुतणी इस्त्रीचा ड्रेस घालून खुर्चीच्या टोकावर बसली. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी दाराआड.

“काकू, भाषण म्हणू का नको?”

“ताजमहाल सोडून काहीपण म्हण.”

“मग उरतंय काय त्याच्यात?”

“आंबा.”

समोर एक बाई आल्या. साठीच्या असाव्यात, केस पांढरे, चेहरा हसरा पण कामाचा. त्यांनी वाकून नमस्कार केला, हिने वाकून केला. नाव, शिक्षण, घरी कोण कोण, इथवर नीट गेलं. मग त्यांनी मुलूख विचारला, “ओ-कुनी वा दोचिरा देस्का?”

नेमक्या त्याच वेळी सासूबाई पाणी प्यायला गच्चीवरून खाली उतरल्या होत्या. त्यांनी काय ऐकलं असेल ते आमच्याकडच्या कोणालाही सांगायची गरज नाही. घरात शिरणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातून तेच ओरडते. ओ, कुनी हाय का?

“हाय की!” सासूबाई गरजल्या. “या, या, आत या. कोन हाय?”

मी दाराआडून हात केला, डोळे मोठे केले. उपयोग नव्हता. कोणी आल्यावर सासूबाई अडत नाहीत. त्या सरळ पुतणीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मोबाइलमध्ये वाकून बघू लागल्या.

“ही बाई आवाज देतीया आन् तू नुसती बसलीस व्हय गं? पानी तरी इचार.”

“आजी, त्या जपानात हायत!”

“मग काय झालं?”

समोरच्या बाईंनी पुन्हा वाकून नमस्कार केला, पहिल्यापेक्षा जास्त खाली. आणि हळू, सोप्या शब्दांत विचारलं की आजीबाई काय म्हणाल्या?

याचं उत्तर भाषणात नव्हतं. पुतणी एकेक शब्द धुंडाळत म्हणाली: आमच्या भाषेत ‘कुनी’ म्हणजे ‘घरात माणूस आहे का’. आजी म्हणतात, आहे, आत या, पाणी प्या.

बाई हसल्या. मग म्हणाल्या, आजीबाईंनाच विचारा, त्यांचा कुनी कोणता?

“आजी, तुमचा मुलूख इचारत्यात.”

“सांग त्यास्नी, मी बार्शीकडची. मला मोगलाईत दिली.”

“मोगलाई कसं सांगू आता?”

“जसं हाय तसं सांग.”

पुतणी बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते, ती नंतर म्हणाली तेवढंच सांगते. ती म्हणाली, मोगलाई हा जुना कुनी आहे. आता नाही. नकाशात नाही. आजीकडे आहे. व्याकरण तिच्या मते पार चुकलं होतं. पण ती हातवारे करत होती, अडत होती, मागे जाऊन वाक्य पुन्हा लावत होती, आणि मध्येच वळून सासूबाईंच्या कोपराखाली हात देऊन त्यांना स्टुलावर बसवतही होती, कारण त्या फार वेळ उभ्या राहिल्या की त्यांचा गुडघा धरतो. हे सगळं बोलता बोलता.

मग बाई बोलल्या. त्यांच्या भागालाही नकाशात नाव नाही म्हणे. जिल्हा ह्योगो. पण तिथली माणसं अजून ताजिमा म्हणतात, जुन्या प्रांताचं नाव. प्रांत गेला तरी गुरांच्या जातीला ते चिकटून राहिलं. काळी, बळकट गुरं, पूर्वी डोंगरातल्या शेतात नांगर ओढायची. ताजिमाची गुरं म्हटलं की सगळा जपान ओळखतो. (आता ती ताटातल्या मांसासाठी ओळखली जातात हे मला ठाऊक होतं. सासूबाईंना मी सांगितलं नाही.)

“आमची शेळी!” पुतणी एकदम मराठीतच ओरडली, मग जपानीत म्हणाली, “यागी! यागी!” आमचीही काळी आहे, तिचंही तसंच झालं. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, एसटीचे बोर्ड बदलले, पण शेळीची जात उस्मानाबादीच.

बाईंनी शेळी बघायला मागितली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गच्चीवर राखणीला कोणी नाही. बाहेरचा जिना चढून धावत वर गेले. उस्मानाबादी जात दोन्ही पुढचे पाय चादरीवर रोवून उभी होती आणि एका कोपऱ्याच्या कुरडया शिस्तीत ओळीने संपवत आणली होती. कान धरून खाली आणली. तिच्या तोंडाला चीक लागलेला होता. बाईंनी विचारलं, ही काय खाते? पुतणी म्हणाली, आज काकूंच्या कुरडया. ‘कुरडया’ला जपानी शब्द नाही, म्हणून तिने एक ओली कुरडई आणून दाखवली. बाईंनी ती नीट पाहून घेतली आणि काहीतरी लिहून ठेवलं.

“ही दगडाच्या काळजाची शेळी,” सासूबाई मोबाइलला सांगत होत्या, “आन् ही माझी सून लई तापट. ते बी सांग त्यास्नी.”

“ते नको सांगू,” मी म्हणाले.

पुतणीने ते सांगितलं. समोरच्या बाई तोंडावर हात धरून हसल्या आणि म्हणाल्या, माझ्याही सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. शेवटी त्यांनी एकच सरळ प्रश्न विचारला. आमच्याकडे बर्फ फार पडतो, तुम्ही कधी बर्फ पाहिला आहे का?

“फ्रीजमध्ये,” पुतणी म्हणाली.

फोन बंद झाल्यावर ती माझ्याकडे वळली. “भाषण म्हणलंच न्हाय काकू. एक वाक्य न्हाय. गेलं हे पण.”

“कुरडया पण गेल्या,” मी म्हटलं. “ऊठ, उरलेल्या उलटायला चल.” रडायला मोकळा वेळ दिला असता तर ती संध्याकाळपर्यंत रडली असती.

सासूबाईंना मात्र आपलं काही चुकल्यासारखं वाटत होतं. त्या जेवल्या कमी आणि मोगलाईच्या मिठाबद्दल काहीही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी क्लासच्या बाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“तुमच्याकडे मुलाखतीत शेळी होती?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“होती,” मी म्हणाले.

“आणि आजी?”

“त्याही होत्या.”

“पंधरा वर्षं क्लास चालवतेय,” त्या म्हणाल्या, “असं कोणी केलं नाही.” पुतणीने माझा दंड धरला. तिची नखं चांगलीच लागतात. “तिकडून निरोप आलाय. व्याकरण कच्चं आहे, रोज तासभर जास्त करून घ्या म्हणतात. पण म्हाताऱ्या माणसाचं ऐकून दुसऱ्याला समजावता येणारी मुलगी हवी होती, ती मिळाली. डिसेंबरात पाठवा.”

पुतणी ओरडली, मग सासूबाईंच्या गळ्यात पडली. सासूबाई म्हणाल्या, “आगं, गुडघा, गुडघा!” आणि मग, “पर डिसेंबरात म्हंजी थंडीतच की गं. त्या मुलखात पोरीला घालायला काय हाय?”

काहीच नव्हतं. आमच्याकडे थंडीला एक शाल पुरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी सोलापूरला गेले. मे महिन्यात लोकर मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे एकदा आणि रस्त्यावरच्या उन्हाकडे एकदा पाहिलं, मग शिडी लावून माळ्यावरचं खोकं उतरवलं. लाल आणि राखाडी असे दोनच रंग होते. राखाडी मळत नाही, ती घेतली. सुया घरी होत्या; त्या निघतानाच पिशवीत टाकल्या होत्या. परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, घाम पुसून मी टाके घातले आणि तामलवाडीचा फाटा येईपर्यंत स्वेटरच्या बाहीची चार बोटं पट्टी विणून झाली.